माझे हरवलेले दोन इंच

लासलगावला भाच्याच्या लग्नात फोटोग्राफर मला म्हणाला, "काकू, तुम्ही पुढच्या रांगेत या. मागे दिसत नाही आहात."

मी आधी मागे वळून पाहिलं. म्हटलं, दुसऱ्या कुठल्या काकूंना म्हणत असेल. कारण आजवर मला एकाही फोटोग्राफरने पुढे बोलावलेलं नाही. शाळेच्या प्रत्येक फोटोत मी मागच्या रांगेत, फळ्याच्या शेजारी. माझी उंची पाच फूट सहा इंच. आमच्या काळात एवढ्या उंचीची मुलगी म्हणजे घरावरचं संकट असे. दोन स्थळं मला नुसतं उभं राहिलेलं पाहून चहा न घेता गेली. तिसऱ्याने चहा घेतला, पोहे दोनदा घेतले आणि मग निघायला म्हणून उठला, तेव्हा लक्षात आलं की हा आपल्यापेक्षा इंचभर बुटका आहे. पण दोनदा पोहे खाल्ल्यावर नकार कुठल्या तोंडाने देणार? तोच माझा नवरा.

नवऱ्याचं नाव वेणीमाधव. समोर मी 'अहो'च म्हणते, पण लिहिताना पानभर 'हे म्हणाले, ते हे होते' असं केलं तर कुणालाच काही कळणार नाही, म्हणून इथे नावानेच लिहिते. लग्नापासून मी सपाट चपला घातल्या. आमचा लग्नातला फोटो दोघांनी खुर्चीत बसून काढलेला आहे. या विषयावर घरात कधी बोलणं झालं नाही. सुखी संसारात असे चार-पाच विषय असतातच.

तर मी पुढे गेले. आणि मग तो फोटोग्राफर, देव त्याचं भलं करो, म्हणाला, "काका, तुम्ही तिथेच थांबा. उंच माणसं मागे."

उंच माणसं! वेणीमाधवांचा चेहरा मी पाहिला नाही, कारण ते माझ्या मागे होते. पण नाशिकला घरी परत येताना निफाड गेलं तरी त्यांचं गुणगुणणं थांबेना.

घरी आल्यावर ते सहज आरशासमोर उभे राहिले. "मोहिनी, जरा इकडे येतेस का?"

मी गेले. आरशात मी त्यांच्या कपाळापाशी संपत होते.

"तुम्ही चपला घातल्या आहेत," मी म्हटलं.

त्यांनी चपला काढल्या. तरी ते उंचच राहिले. मी म्हटलं, फरशीला उतार आहे. आम्ही जागा बदलल्या. उतार माझ्याबरोबर आला.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या सिंधुबाई ताक घेऊन आल्या. निफाडकडच्या, शेतीवाडीच्या बाई. त्यांना मी हसत हसत सांगितलं, तर त्यांनी मला पाठीमागून नीट न्याहाळलं. "ताई, वाईट वाटून घेऊ नगा. पर तुमची साडी मागल्या वर्षापासून लय लोळती. म्या म्हनलं, फ्याशन आसंल."

हा घाव वर्मी बसला. पस्तीस वर्षं मुलींना गणित शिकवलेली बाई मी. मोजल्याशिवाय काही मान्य करणार नाही. सोसायटीचे सेक्रेटरी झुंबरआप्पा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, देवळाली कॅम्पात तोफांमध्ये आयुष्य गेलेलं. भरतीला आलेल्या पोरांच्या उंच्या त्यांनी मोजल्या आहेत, म्हणून त्यांना विचारलं. वाटलं होतं, घरात येऊन गुपचूप टेप धरतील. त्यांनी मला लिफ्टच्या शेजारच्या भिंतीला उभं केलं आणि ओरडले, "सावधान! एडी मिलाव! नजर सामने!"

चार मजल्यांची दारं उघडली. डोक्यावर पट्टी ठेवून त्यांनी भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. "पाच फूट चार."

"तुमची टेप चुकीची आहे."

"मॅडम, टेप फौजेची आहे."

त्या संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर नोटीस आली : 'नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर कोणी रेघोट्या मारल्यास दंड करण्यात येईल. सही, झुंबरआप्पा, सेक्रेटरी.' रेघ त्यांचीच होती. तिच्यावर फुली मारून वर माझा फ्लॅट नंबर लिहिला तेवढं मात्र कोणी तरी दुसऱ्याने.

पुण्याहून श्रेयसचा, म्हणजे आमच्या मुलाचा, फोन आला. बातमी त्याच्यापर्यंत कशी गेली हे विचारायची गरज नव्हती. वडील त्याच्याशी एरवी आठवड्यातून एकदा बोलतात, त्या दिवशी दोनदा बोलले होते. "आई, हसण्यावारी नेऊ नकोस. डॉक्टरांना दाखव."

मी गेले. पण खरं सांगते, तपासायला गेले नाही. डॉक्टरांच्या लेटरहेडवर पाच-सहा असं लिहून आणावं आणि ते लिफ्टजवळ चिकटवावं, एवढाच माझा हेतू होता.

डॉक्टर तृप्ती माझ्या शेवटच्या बॅचच्या मुलींएवढ्या दिसत होत्या. त्यांनीही भिंतीला उभं केलं, ओरडल्या नाहीत, पण उत्तर तेच आलं. मग खुर्चीत बसवून विचारलं, "काकू, पाळी केव्हा गेली?"

वेणीमाधव एकाएकी भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये रमले. त्यात त्यांनी बहुधा वर्षभराच्या सगळ्या चतुर्थ्या पाठ केल्या असतील.

"बेचाळिसाव्या वर्षी," मी म्हटलं.

"लवकर गेली. पाठ दुखते?"

"या वयात कोणाची दुखत नाही?"

त्यांनी पाठीचा एक्स-रे सांगितला आणि हाडांची घनता मोजायची तपासणी. त्या यंत्राची मी भीती घेतली होती, पण ते फारच सभ्य निघालं. टेबलावर नुसतं पडून राहायचं. वरून एक दांडा सावकाश सरकत जातो, कुणी तरी अंतरावरून इस्त्री फिरवावी तसा. ना आवाज, ना टोचणं. आणि एवढ्यात त्याला माझं आतलं सगळं कळलं होतं. निकाल आला उणे साडेतीन; उणे अडीचच्या खाली गेलं की हाडं ठिसूळ धरतात.

"उणे?" मी विचारलं. गणितात मला उणे गुण कधी कुणी दिले नव्हते.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. माझा कणा मी पहिल्यांदा पाहत होते. पुठ्ठ्याची खोकी एकावर एक रचावीत तसे मणके. त्यातली दोन पुढच्या बाजूने बसलेली, वर कुणी तरी ओझं टाकल्यासारखी.

"हे दोन बसलेत," त्या म्हणाल्या. "आणि हा तिसरा विचारात आहे."

"बसलेत म्हणजे?"

"मोडलेत, काकू."

मी हसले. कारण हाड मोडणं म्हणजे काय हे मला माहीत आहे. कुणी तरी पडतं, किंचाळतं, प्लास्टर होतं, त्यावर मुलं नावं लिहितात. माझी दोन हाडं मोडली होती आणि मी त्यांच्यासकट भाजी आणली होती, दिवाळी केली होती, लासलगावला अक्षता टाकून आले होते. मला पत्ता नव्हता. स्वतःच्याच घरात दोन भिंती पडाव्यात आणि आपण शेजारच्या खोलीत भरतकाम करत बसावं, तसं वाटलं.

"असं का होतं?" वेणीमाधवांनी कॅलेंडर सोडलं होतं.

"सध्या नाशिकचे रस्ते पाहताय ना?" डॉक्टर म्हणाल्या. कुंभमेळ्याच्या कामांनी शहराची चाळण झालेली, न पाहून सांगतो कुणाला. "हाड तसंच असतं. आपल्याला वाटतं दगड आहे, पण आत सतत काम चालू. एक टोळी जुनं खणून काढते, दुसरी नवं भरते. दहा-एक वर्षांत जवळपास सगळा सांगाडा नवा होतो. बायकांमध्ये या टोळ्यांवर एक मुकादम असतो, इस्ट्रोजेन. पाळी गेली की तो निवृत्त होतो. मग खणणारे मोकाट सुटतात आणि भरणारे मागे पडतात."

रिक्षात मी आपल्याच हातांकडे बघत बसले. वेणीमाधवांना वाटलं, घाबरले. घाबरले होतेच, पण त्याहून जास्त थक्क झाले होते. दहा वर्षांत नवा सांगाडा! म्हणजे ज्या पायांनी मी सप्तपदी चालले ती हाडं केव्हाच गेली. श्रेयसला ज्यांनी कडेवर घेतलं तीही गेली. मी कितव्या संचावर आहे कोण जाणे, आणि हे एवढं बांधकाम कसलाही आवाज न करता, कुणाची परवानगी न घेता, मी वर्गात वर्गमूळ शिकवत असताना चाललं होतं. आणि आम्हाला एक गच्चीचा पत्रा बदलायला सोसायटीच्या तीन सभा लागल्या.

सोसायटीत मात्र बातमी पोचताच सल्ल्यांचा पूर आला. तीळ खा, डिंक खा, नाचणी खा. दूध प्या, पण म्हशीचं नको. दूध पिऊच नका. कोवळं ऊन घ्या म्हणून मी गच्चीची किल्ली मागितली, तर झुंबरआप्पांनी कारणासह लेखी अर्ज मागितला. मी 'हाडांसाठी' असं लिहिलं. अर्ज परत आला. शेरा होता, 'वाळवण-धान्याव्यतिरिक्त इतर वस्तू गच्चीत वाळत घालण्यास मनाई.' सिंधुबाईंनी तर मळ्यातून हाडजोडीची वेल आणली. "नावातच हाय की ताई!" तिची चटणी मी मोठ्या श्रद्धेने खाल्ली. घसा असा खाजला की दुपारभर बोलता येईना. वेणीमाधवांच्या मते त्या वेलीत काहीतरी गुण नक्की आहे.

हे ऐकून डॉक्टर तृप्ती आधी हसल्या आणि मग रागावल्या. "नाचणी, तीळ जरूर खा. पण आता नुसत्या खाण्याने भागणार नाही. मणके मोडलेत म्हणजे औषध लागणार." औषध म्हणजे रोज एक इंजेक्शन. पेनासारखं यंत्र, फ्रिजमध्ये ठेवायचं, रोज घरीच मांडीत किंवा पोटावर टोचायचं. भरणाऱ्या टोळीला कामाला लावणारं. जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि नंतर कमावलेलं टिकवायला दुसरं औषध. बरोबर कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, आणि वाकून जड उचलायचं नाही.

"मी देईन रोज," मी म्हटलं. "मीच मला." कारण वेणीमाधव सुईला भितात. श्रेयसच्या लसीकरणाला हे बाहेर पायरीवर बसत आणि कंपाउंडर आधी यांना पाणी देई.

औषध सुरू व्हायच्या आधीच ती गोष्ट घडली. श्रेयसने तपासण्यांचा खर्च विमा कंपनीकडे टाकला होता. एका सकाळी तिकडून एका मुलीचा फोन आला. माझे हात कणकेत, म्हणून मी स्पीकर लावला. वेणीमाधव पेपर वाचत होते, सिंधुबाई विरजण मागायला आलेल्या.

"मॅडम, यात फ्रॅक्चर लिहिलंय. अपघात कधी झाला?"

"झाला नाही."

"मग हाड कसं मोडलं?"

"माहीत नाही."

"प्लास्टर? ॲडमिशन?"

"नाही."

"मॅडम, त्या वेळी तुम्ही काय करत होता एवढं तरी सांगा."

मी सांगणार होते, काहीच नाही. पण तोंड उघडलं आणि मला ते आठवलं. पाठीत कट्कन झालं होतं तो क्षण, जसाच्या तसा. मी चटकन म्हटलं, "शिंकले होते."

"आवं ताई, शिंकलात कशाच्या!" सिंधुबाई म्हणाल्या. "साहेबांना डेंगू झालता तवापास्नं नाय का तुमची पाठ धरली? तुम्ही मोरीतून उचलून आणलं त्यांना. म्या दूध घिऊन आलते, दार उघडंच व्हतं. दोन्ही हातांवर, लेकरावानी."

पेपर खाली आला.

इथे एक सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी वेणीमाधवांना डेंग्यू झाला आणि एका दुपारी ते न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. त्यांच्या स्मरणाप्रमाणे ते नंतर स्वतःच्या पायांनी पलंगापर्यंत आले. 'ताप एकशे चार, पण मनोबल!' ही कथा त्यांनी सोसायटीच्या गणपतीत माइकवरून सांगितली होती. मी कधी दुरुस्ती केली नाही. आधीच इंचभर कमी असलेल्या माणसाला आपण कडेवर घेतलं होतं हे सांगून काय मिळवायचं? पाठीत तेव्हा उसण भरली. पण घरात त्यांच्या प्लेटलेट मोजणं चालू होतं. उसणीकडे कोण बघतो. बाम चोळला आणि पेज करायला उठले.

"हॅलो मॅडम?" फोन म्हणत होता. "शिंक असेल तर क्लेम बसणार नाही. ॲडमिशन नसेल तरी बसणार नाही."

मी कणकेच्या हातानेच फोन बंद केला. सिंधुबाई विरजण न घेताच गेल्या.

"तू मला उचललंस?" वेणीमाधवांनी विचारलं.

"थोडं. जरासं."

"सत्तर किलोचा माणूस जरासा कसा उचलतात?"

मी बरीच इतर कारणं सुचवली. बरण्या होत्या, गव्हाची पोती होती, श्रेयसच्या घरची इरा होती, नात आमची, अंगानं गुटगुटीत. ते डॉक्टरांकडेही जाऊन विचारून आले. डॉक्टर म्हणाल्या, "काका, त्यानेही असेल, शिंकेनेही असेल. आतलं हाडच विरळ झालं होतं. निमित्त कुणाचंही होतं."

"पण झालं माझं," ते म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांनी आरशासमोर माझ्या शेजारी उभं राहणं सोडलं. बाहेर जाताना दोन पावलं मागून चालायचे, खांदे पाडून. दोन इंच मी गमावले होते आणि वाकत हे चालले होते. मला ते पाहवेना.

मग इंजेक्शनं आली. पहिल्या दिवशी मी पेन हातात घेतलं, तर ते म्हणाले, "इकडे दे." नर्सने दिलेल्या रिकाम्या पेनावर त्यांनी आठवडाभर चोरून सराव केला होता, हे मला भरताच्या वांग्याला पडलेल्या बारीक भोकांवरून नंतर कळलं. त्यांनी माझी मांडी कापसाने तीनदा पुसली. कपाळावर घाम. सुई गेली, मला मुंगी चावल्याएवढंही कळलं नाही. पेन बाजूला ठेवून ते म्हणाले, "झालं," आणि सावकाश जमिनीवर आडवे झाले.

मी वाकून उचलणार होते. त्यांनी पडल्या पडल्या ओरडून सांगितलं, "हात लावू नकोस!" शेवटी झुंबरआप्पांना बोलवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ते बसून राहिले. पुढच्या आठवड्यात उभे राहिले. आणि मग रोज, चहाच्या आधी, न चुकता. त्र्यंबकेश्वरला चुलत दिरांकडे गेलो होतो, तर जाऊबाईंनी काळजीपोटी पेन बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. गोठलं की ते वाया जातं. दीर तिथले पुरोहित, त्यांच्याकडे पूजेला आलेले यजमान उतरलेले, पंगत बसत होती, आणि वेणीमाधव ताटावरून उठून एसटीने नाशिकला गेले, नवं पेन घेऊन थर्मासमध्ये बर्फ भरून उलटपावली आले. "एक दिवस चुकला असता तर काही बिघडत नव्हतं," मी म्हटलं. "रस्त्याचं काम एक दिवस बंद राहिलं की काय होतं ते रोज बघतो आहे," ते म्हणाले, आणि गार झालेला भात जेवले. त्या माणसाकडे पाहताना मला लाज वाटली नाही, कौतुकही नाही. एक्स-रे पाहताना वाटलं होतं तसं काही तरी वाटलं. आपल्या इतक्या जवळ हे होतं आणि आपल्याला माहीत नव्हतं.

वर्षाने पुन्हा तपासणी झाली. वेणीमाधवांनी डॉक्टरांच्या मागे लागून स्वतःचीही करून घेतली. मला वाटतं, त्यांना मनातून माझ्यासारखंच काही तरी निघायला हवं होतं.

डॉक्टर तृप्तींनी माझे दोन्ही कागद शेजारी ठेवले. "काकू, बघा. नवं काही मोडलेलं नाही. आणि मणक्यांमध्ये ही भर पडली आहे."

"ही भर कुणाची?"

"तुमचीच. मागच्या वर्षी हे हाड नव्हतं."

मी कागदावर त्या ठिकाणी बोट लावून पाहिलं. त्रेसष्ट वर्षांची बाई मी. शरीराचं दुकान पाळीबरोबर बंद झालं, आता फक्त शटर सांभाळायचं, असं मी धरून चालले होते. आणि हे पाहा, मी नवं हाड केलं होतं. झोपेत, कुकरच्या शिट्ट्या मोजताना, सिंधुबाईंशी भांडताना. माझे डोळे भरले. उंची परत येते का, हे विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, नाही, बसलेले मणके उठत नाहीत. खरं सांगू, मला ऐकूसुद्धा नीट आलं नाही.

"आणि काका, तुमची हाडं उत्तम. तिशीतल्या माणसासारखी."

वेणीमाधवांनी मान खाली घातली. नापास झालेल्या मुलासारखे ते कागद घेऊन बाहेर आले. रिक्षात त्यांनी त्या कागदाची चार वेळा घडी घातली. मग हळूच म्हणाले, "मोहिनी, माझी अगदीच ठणठणीत निघाली गं."

"बरं झालं," मी म्हटलं. "आता मी चक्कर येऊन पडले, तर घरात एक माणूस पक्का आहे."

ते माझ्याकडे वळले. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी पाठ सरळ केली. थोडा विचार करून विचारलं, "तुझं वजन किती आहे सध्या?"

"का?"

"अंदाज असावा."

लग्नाला छत्तीस वर्षं होऊन गेली, हा आकडा मी त्यांना कधी सांगितला नव्हता. रिक्षावाला ऐकत होता तरी सांगितला, खरा सांगितला. वेणीमाधवांनी आपले दोन्ही हात गुडघ्यावर उताणे ठेवून पाहिले. मनातल्या मनात त्यांनी मला एकदा उचलून बघितलं असावं, कारण चेहरा जरा लाल झाला.

"जमेल," ते म्हणाले.